पंख्यापासून पंपापर्यंत : कपॅसिटर घेताना, बदलताना आणि नाकारताना

उन्हाळा तापू लागला की वाचकांकडून ठरलेले प्रश्न यायला लागतात. पंखा गुणगुणतो पण फिरत नाही, दुकानदार म्हणतो कंडेन्सर (म्हणजे कपॅसिटरच) गेला; मग नेमका कोणता घ्यायचा? घरात वीज २३० व्होल्टची, तर त्यावर ४४० का छापलंय? मोठ्या आकड्याचा बसवला तर पंखा जास्त जोरात फिरेल का? सॉकेटमध्ये खोचायचा ‘वीज वाचवणारा’ डबा खरंच बिल कमी करतो का? आणि गावाकडून येणारा प्रश्न: महावितरण मोटारीला कपॅसिटर लावा म्हणतं, त्यात शेतकऱ्याचा फायदा काय?

हे प्रश्न वेगवेगळे दिसले तरी सगळ्यांची उत्तरं एकाच गोष्टीवर ठरतात. कपॅसिटरमध्ये ऊर्जा साठते ती अगदी थोडी, पण ती सुटते मात्र क्षणात. एवढं लक्षात ठेवलंत तर कुठे पैसे घालायचे आणि कुठे हात लावायचा नाही, हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

आत साठतं काय आणि किती

कपॅसिटर म्हणजे धातूचे दोन पातळ थर आणि त्यांच्यामध्ये वीज वाहू न देणारा पडदा. पंख्याच्या कपॅसिटरमध्ये हा पडदा प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मचा असतो आणि तिच्यावरच धातूचा मुलामा देऊन तिची गुंडाळी केलेली असते. व्होल्टेज दिलं की एका थरावर धन आणि दुसऱ्यावर तितकाच ऋण विद्युतभार जमतो. पुरवठा तोडला तरी तो तिथेच थांबू शकतो.

लेबलवरचे दोन आकडे समजून घेण्यासाठी पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. मायक्रोफॅरडचा आकडा (काही लेबलांवर तो ‘एमएफडी’ असा छापतात) म्हणजे टाकीचा घेर. प्रत्यक्ष व्होल्टेज म्हणजे पाण्याची उंची. आणि छापलेले ४४० व्होल्ट म्हणजे भिंत किती उंचीचं पाणी पेलेल याची हमी. म्हणजे ४४० लिहिलंय म्हणून आत ४४० व्होल्ट येतात असं नाही. घरातले २३० व्होल्ट हा एक प्रकारचा सरासरी आकडा आहे. प्रत्येक लहरीच्या माथ्यावर ते सुमारे ३२५ पर्यंत चढतात, शिवाय पंख्याच्या वायंडिंगला जोडल्यावर कपॅसिटरच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज पुरवठ्यापेक्षाही जास्त होऊ शकतं. म्हणून भिंत उंच लागते.

साठलेली ऊर्जा मायक्रोफॅरडच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. व्होल्टेज दुप्पट झालं की ऊर्जा चौपट. त्यामुळे धोका जोखताना डब्याच्या आकाराकडे नव्हे, व्होल्टेजकडे आधी पाहा.

आता हिशेब. पंख्याच्या २.५ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टला फक्त ०.१३ ज्यूल ऊर्जा मावते. तुमच्या बिलावरचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे एक युनिट साठवायला असे पावणेतीन कोटी कपॅसिटर लागतील! हा आकडा ध्यानात असू द्या, पुढे लागणार आहे.

पंख्याचा कपॅसिटर गेला हे कसं ओळखायचं

पंख्याच्या मोटारीत दोन वायंडिंग असतात. कपॅसिटर दुसऱ्या वायंडिंगमधला प्रवाह थोडा पुढे ढकलतो आणि त्या फरकामुळे मोटारीला फिरण्याची दिशा मिळते. ५० हर्ट्झच्या विजेवर तो सेकंदाला १०० वेळा भरतो आणि रिकामा होतो. वर्षानुवर्षं हे चाललं की फिल्मवरचा मुलामा जागोजागी उडतो आणि मायक्रोफॅरड हळूहळू घटतात. म्हणून पंखा एका दिवसात बंद पडत नाही, तो आधी मंदावतो.

- पंखा गुणगुणतो, हातानं ढकलल्यावर फिरू लागतो: कपॅसिटरची शक्यता सर्वांत जास्त. (ढकलायचंच असेल तर लाकडी काठीनं, पात्याच्या कक्षेबाहेर उभं राहून.)
- पाचवर ठेवूनही गती कमी: कपॅसिटर, बेअरिंग किंवा कमी व्होल्टेज. वीज बंद करून पातं हातानं फिरवा. अडखळत असेल तर बेअरिंग पाहा.
- गुणगुणही नाही: आधी बटण, रेग्युलेटर, वायर तपासा. कपॅसिटरवर लगेच संशय घेऊ नका.
- जळका वास किंवा मोटारीचा भाग तापलेला: पंखा उतरवा. नवा कपॅसिटर जळलेलं वायंडिंग दुरुस्त करत नाही.

नवा घेताना जुना सोबत न्या आणि आकडा जुळवा. छताच्या बऱ्याच पंख्यांना २.५ मायक्रोफॅरड लागतो, पण २.२५, ३.१५ आणि ४ सुद्धा असतात. व्होल्टेज जुन्याइतकं किंवा त्याहून जास्त चालेल, कमी कधीच नको. मायक्रोफॅरड मात्र तितकेच हवेत. ‘थोडा मोठा बसवू, हवा चांगली येईल’ हा सल्ला वायरमन मंडळींत फार लोकप्रिय आहे. गती किंचित वाढतेही, पण त्या वायंडिंगमधून ठरल्यापेक्षा जास्त प्रवाह जाऊन ते तापतं. शंभर रुपयांच्या आतबाहेरच्या वस्तूसाठी पंखा पणाला लावण्यात अर्थ नाही.

आयएसआय खूण पाहाच. पंख्याच्या कपॅसिटरसाठी भारतीय मानक आयएस १७०९ आहे, इतर एसी मोटारींच्या कपॅसिटरसाठी आयएस २९९३. खुणेजवळचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर घालून खरा की खोटा ते दुकानातच पाहता येतं. उणे चिन्हाचा पट्टा असलेला गोल, इलेक्ट्रॉनिक सर्किटमधला कपॅसिटर पंख्याला कधीही जोडू नका. तो एकाच दिशेच्या विजेसाठी असतो, एसीवर फुटतो.

बीएलडीसी पंखा असेल तर हे सगळं विसरा. त्याला असा वेगळा कपॅसिटर नसतो, आत सर्किट असतं, आणि ते कंपनीच्या माणसाचं काम.

हात लावण्यापूर्वी

बटण बंद म्हणजे वीज बंद, असं धरून चालू नका. अनेक जुन्या घरांत बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेलं सापडतं. तेव्हा पंखा थांबतो, पण त्याच्या तारांत वीज असतेच. (बंद केल्यावरही एलईडी दिवा रात्री मिणमिणत असेल तर एक कारण हेही असू शकतं. वायरमनला तपासायला सांगा.)

१. एमसीबी किंवा मेन स्विच बंद करा आणि घरातल्यांना सांगून ठेवा.

२. टेस्टरनं किंवा, त्याहून बरं, मल्टिमीटरनं वीज नाही याची खात्री करा.

३. पाच मिनिटं थांबा. धडधाकट पंख्यात बटण बंद होताच साठलेला विद्युतभार वायंडिंगमधूनच निचरून जातो. पण वायंडिंग तुटलं असेल किंवा एखादं टोक सुटलं असेल तर तो तसाच अडकून राहतो. नेमके बिघडलेले पंखेच आपण उघडतो, म्हणून ही काळजी.

४. कपॅसिटरची दोन टोकं १० किलोओहमच्या, ५ वॉटच्या रोधकानं काही सेकंद जोडा. रोधक नसेल तर होल्डरमधला जुना तारेचा बल्ब चालतो. एलईडी बल्ब चालत नाही.

५. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून शून्य आल्याचं पाहा. मग वायरी सोडा.

स्क्रू ड्रायव्हरनं दोन टोकं टेकवून ‘फट्’ करण्याची पद्धत सर्रास दिसते. तिनं टोकं जळतात, चांगला कपॅसिटरही खराब होतो, आणि मोठा असेल तर धातूचे वितळलेले कण डोळ्यांत उडू शकतात. पंख्याच्या कपॅसिटरचा झटका सहसा जीव घेत नाही, पण स्टुलावर उभ्या माणसाला खाली पाडायला तो पुरेसा आहे.

मायक्रोवेव्हचं मागचं झाकण मात्र घरी उघडूच नका. त्यातला कपॅसिटर जेमतेम एका मायक्रोफॅरडचा, पण त्यावर दोन हजार व्होल्टच्या वर दाब असतो. त्याला रिकामा करणारा रोधक आत बसवलेला असतो खरा, पण तोही निकामी होऊ शकतो. प्लग काढलेल्या मायक्रोवेव्हनंही माणसं दगावली आहेत.

एसी आणि बोअरची मोटार

साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या, एसीच्या बाहेरच्या युनिटमध्ये तीन टोकांचा अ‍ॅल्युमिनियमचा डबा असतो. त्यावर ‘४५+५’ असं काही लिहिलेलं दिसेल. मोठा आकडा कॉम्प्रेसरचा, छोटा बाहेरच्या पंख्याचा. बाहेरचा पंखा फिरतोय, कॉम्प्रेसर घुर्रकन आवाज करून बंद पडतोय, गार हवा येत नाही, अशी लक्षणं असतील तर मेकॅनिकला आधी कपॅसिटर मोजायला सांगा. साधारण पाच टक्क्यांची तफावत चालते. ४५ च्या जागी ३८–३९ आला तर बदला. डब्याचा माथा फुगलेला असेल तर मोजण्याचीही गरज नाही.

‘गॅस संपला’ हे निदान इथे फार घाईनं केलं जातं. कॉम्प्रेसर चालूच होत नसेल तर थांबलेल्या यंत्रावर गेज लावून गॅस पुरेसा आहे की नाही हे ठरत नाही. आधी कॉम्प्रेसर चालू होऊ द्या, मग गॅसचं बोला. आणखी एक सापळा बिलाचा. एसीत ‘कंडेन्सर’ म्हणजे बाहेरची जाळीदार कॉइलही, आणि तिची किंमत कपॅसिटरच्या कित्येक पट. बिलावर ‘रन कपॅसिटर, ४५+५, ४४० व्होल्ट’ असं स्पष्ट लिहून घ्या आणि जुना भाग मागून घ्या.

इन्व्हर्टर एसीच्या बोर्डावरचे कपॅसिटर ३०० व्होल्टच्या वर भरलेले असतात आणि प्लग काढल्यावरही काही मिनिटं तसेच राहतात. त्या बोर्डाला हात नको.

सिंगल फेज बोअरच्या पॅनेलमध्ये दोन कपॅसिटर असतात. ‘रन’ सतत चालतो. ‘स्टार्ट’ मोठ्या आकड्याचा असतो आणि फक्त सुरुवातीच्या एक-दोन सेकंदांसाठी बनवलेला असतो. तुमच्या पॅनेलवर हिरवं बटण दाबून मोटार सुरू होत असेल तर बटण दाबलेलं असेपर्यंतच तो जोडलेला राहतो. मोटार उचलत नाही म्हणून बटण दाबून धरणं म्हणजे स्टार्ट कपॅसिटर फोडण्याची तयारी. दोन-तीन प्रयत्नांत मोटार उठली नाही तर थांबा. दोन्हींचे आकडे वेगळे, घडण वेगळी, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा बसवू नका.

वीज वाचवणारा डबा घ्यायचा का

नाही.

आता कारण. हा डबा उघडला की सहसा काही मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर आणि एक हिरवा दिवा सापडतो. विक्रेता दोन प्रकारचे दावे करतो. पहिला, डबा ‘वाया जाणारी वीज साठवतो’. एक युनिट साठवायला किती कपॅसिटर लागतात ते वर पाहिलंच. दुसरा दावा जरा अभ्यासपूर्ण वाटतो: पॉवर फॅक्टर सुधारतो. कपॅसिटर तो सुधारू शकतो हे खरं आहे. मोटारीला चुंबकत्वासाठी जी ऊर्जा क्षणभर घ्यावी आणि परत द्यावी लागते ती देवाणघेवाण कपॅसिटर जवळच्या जवळ करतो, आणि तारांमधला प्रवाह कमी होतो. पण तुमचं घरगुती मीटर ही ये-जा मोजतच नाही, ते खरोखर वापरलेली युनिटं मोजतं. त्यामुळे बिल जिथल्या तिथे राहतं. विक्रेता क्लॅम्प मीटर लावून प्रवाह घटलेला दाखवतो, तो खराच घटलेला असतो. फक्त तुम्ही अँपिअरचे पैसे भरत नाही.

खात्री हवी असेल तर स्वतः करून पाहा. फ्रीज बंद करून एकच पंखा पूर्ण गतीवर चालू ठेवा. मीटरवरचा लाल दिवा दहा वेळा लुकलुकायला किती सेकंद लागतात ते मोजा. मग डबा लावून पुन्हा मोजा.

शेतीपंपाला कपॅसिटर: कोणाचा फायदा?

इथे उत्तर उलट आहे, आणि जरा सविस्तर सांगण्यासारखं. तीन फेजच्या मोटारीचा पॉवर फॅक्टर ०.८ धरा. योग्य कपॅसिटरनं तो ०.९५ वर नेला तर डीपीपासून, म्हणजे रोहित्रापासून, तुमच्या स्टार्टरपर्यंतचा प्रवाह सुमारे १६ टक्के घटतो. तारांमधली तूट प्रवाहाच्या वर्गावर चालते, म्हणून ती जवळपास २९ टक्के कमी होते. शेवटच्या टोकाला व्होल्टेज थोडं जास्त मिळतं, रोहित्रावरचा ताण हलका होतो.

खरं सांगायचं तर तुमचं बिल यानं फारसं कमी होणार नाही. बिनमीटरच्या जोडणीला बिल अश्वशक्तीवर लागतं, मीटर असेल तर युनिटवर. फायदा आहे तो डीपी न जळण्याचा, म्हणजे ऐन पाण्याच्या पाळीत आठ-दहा दिवस अंधारात न बसण्याचा. म्हणूनच एकट्यानं बसवून फार फरक पडत नाही. एका डीपीवरच्या सगळ्यांनी मिळून ठरवा.

किती क्षमतेचा घ्यायचा? साधारण मेळ असा:

- ३ एचपी: १ केव्हीएआर
- ५ एचपी: २ केव्हीएआर
- ७.५ एचपी: ३ केव्हीएआर
- १० एचपी: ४ केव्हीएआर

याहून मोठा नको. जास्त क्षमतेचा कपॅसिटर मोटार बंद होतानाही तिला काही क्षण चुंबकित ठेवतो आणि तिच्या टोकांवर धोकादायक व्होल्टेज चढू शकतं.

बसवताना: कपॅसिटर स्टार्टरच्या पुढे, मोटारीच्या बाजूला जोडा, म्हणजे मोटार बंद झाली की तोही सुटेल. स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर जोडणी वेगळी असते, तिथे जाणकार वायरमनच बोलवा. आत डिस्चार्ज रोधक आहेत का ते दुकानात विचारा. पेटी जमिनीपासून उंच, पावसापासून आडोशाला असू द्या. मोटार बंद केल्यावर पुन्हा चालू करायला मिनिटभर तरी थांबा.

तपासताना: कपॅसिटरच्या तिन्ही तारांवर क्लॅम्प मीटर लावा. २ केव्हीएआरचा कपॅसिटर ४१५ व्होल्टला प्रत्येक तारेत सुमारे २.८ अँपिअर घेतो. तीनपैकी एकीत शून्य किंवा फारच कमी आलं तर तो निकामी. शिवारात लावलेले पण मेलेले कपॅसिटर कमी नाहीत. व्होल्टेज ३५० वर आलं की हाच कपॅसिटर जेमतेम १.४ केव्हीएआरचं काम करतो. ऐन गरजेच्या वेळी त्याचा जोर घटतो, पण हा त्याचा स्वभाव आहे, दोष नव्हे.

ऑटो स्विच काढून टाका, ही महावितरणची विनंती त्रासदायक वाटते, विशेषतः रात्रीची पाळी असणाऱ्यांना. पण वीज येताच डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम उचलल्या तर प्रत्येक मोटार नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. तो धक्का कपॅसिटर झेलू शकत नाही.

आणि दोन फेजवर तीन फेजची मोटार चालवणारं पॅनेल. त्यातही कपॅसिटरच असतो, तो तिसऱ्या फेजचा आभास निर्माण करतो. तिन्ही वायंडिंगांत प्रवाह सारखा राहत नाही, एखादं जास्त तापतं. एक पाळी साधते आणि पुढे रिवाइंडिंगचं बिल येतं. शिवाय नियमात बसत नाही, तो भाग वेगळाच.

छोटा कारखाना असेल तर

थोडक्यात: तुमच्या बिलावर पॉवर फॅक्टरचा आकडा आणि त्यावरून दंड किंवा सवलत अशी ओळ आहे का ते पाहा. असेल तर कपॅसिटर हा खर्च नसून बचत आहे. महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांचं बिल १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे ही ये-जा धरूनच, आकारलं जातं. तिथे गरजेपेक्षा जास्त कपॅसिटर लावून पॉवर फॅक्टर ‘लीडिंग’ झाला तर त्याचाही भुर्दंड बसतो. भार कमीजास्त होत असेल तर आपोआप टप्पे बदलणारं एपीएफसी पॅनेल घ्या. वेल्डिंग सेट आणि व्हीएफडी जास्त असतील तर हार्मोनिक्सची तपासणी आधी, खरेदी नंतर.

बिल, हमी, तक्रार

- सुट्या कपॅसिटरचंही पक्कं बिल घ्या. त्यावर मेक, मायक्रोफॅरड किंवा केव्हीएआर, व्होल्टेज आणि हमीची मुदत असावी.
- वीज वाचवणाऱ्या डब्याची जाहिरात जपून ठेवा, वेष्टन फेकू नका. बचतीचा खोटा दावा ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकते.
- आधी विक्रेत्याला लेखी कळवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पुढे जिल्हा ग्राहक आयोग: पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीला शुल्क नाही, वकील लावण्याची सक्ती नाही, आणि मुदत वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षं.
- डीपी जळाली, व्होल्टेज सतत कमी येतं किंवा पॉवर फॅक्टरचा दंड चुकीचा लागला असं वाटलं तर १९१२ वर नोंद करून तक्रार क्रमांक लिहून ठेवा. नुसतं लाइनमनला सांगून थांबू नका, त्याची नोंद कुठेच राहत नाही. पुढची पायरी ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि त्याचा निर्णय पटला नाही तर विद्युत लोकपाल. लोकपालांची कार्यालयं मुंबई आणि नागपूरला आहेत. दंडाच्या वादात बिलाची प्रत तर जोडाच, पण कपॅसिटर कधी बसवला त्याची पावती आणि परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवालही जोडा.